पत्र्याला चांदी की पांढरा?

बुलढाणे सोडून राजूरच्या घाटाने खाली उतरू लागले की फाल्गुनाच्या अखेरीस वळणावळणाला हवा बदलत जाते. घाटावर सकाळी अंगावर घेतलेली शाल पायथ्याशी ओझे वाटू लागते, आणि मोताळा येईतो वाहनाच्या खिडकीतून आत येणारा वारा कोमट झालेला असतो. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हा भेद या जिल्ह्यात नात्यागोत्याच्या बोलण्यातही येतो. उन्हाळ्यात तर तो शरीरालाच कळतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणे आणि पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरलेली मोताळ्याची काळी कपाशीची जमीन यांच्यात अंतर थोडे, पण चैत्र-वैशाखातले ऊन निराळे.

या उन्हाशी जुन्या माणसांनी आपल्या पद्धतीने तह केला होता. वऱ्हाडातील जुनी घरे धाब्याची होती. सागाच्या सऱ्यांवर किलचे, त्यावर पाला आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीत शिरून खालच्या ओसरीपर्यंत पोहोचेतो संध्याकाळ होत असे. ते धाबे दरवर्षी मृगाआधी नव्या मातीने सावरावे लागे. माती आणणारे आणि चोपणारे हात पुढे मिळेनासे झाले, पावसात गळती वाढली, आणि घरे एकामागून एक पत्र्याखाली गेली. ज्यांना साधले त्यांनी स्लॅब टाकला. तरी बाजारपेठेतल्या दुकानांची मागील वखार, वरचा मजला, गच्चीवरचा निवारा, गोठा आणि सरकीचे गोदाम आजही पत्र्याचेच. पाऊस अडवण्यात पत्रा धाब्याहून चांगला. ऊन अडवण्यात तो जवळजवळ निरुपयोगी, कारण तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. ऊन वर पडले की क्षणात ते खाली जाणवते.

म्हणूनच होळी झाली की रंगांच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते. कोणी पाच लिटर, कोणी दहा लिटर, पण मागणी एकच: ‘चांदी द्या, पत्र्याला मारायची आहे.’ चांदी म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला चकचकीत रंग. ऊन त्यावर पडले की डोळे दिपतात, तेव्हा ते परतूनही जात असणार, असा साधा विचार त्यामागे असतो. तो विचार अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग डोळ्यांना दिसत नाही, आणि पत्र्याखाली राहणाऱ्याचे सुखदुःख नेमके त्या न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते.

छपरावरचा रंग दोन कामे करतो. पहिले काम म्हणजे पडलेले ऊन परतवणे. भर दुपारी चौरस मीटरभर जागेवर सुमारे एक हजार वॅट इतकी सूर्यशक्ती पडते. लहानशी इस्त्री सतत चालू ठेवावी तशी. स्वच्छ पांढरा रंग यातील शेकडा वीस-पंचवीसच पोटात घेतो आणि बाकीचे परतवतो. चांदी शेकडा तीसपासून पन्नासपर्यंत पोटात घेते. जुना, काळवंडलेला, गंजाचे डाग पडलेला पत्रा याहून पुष्कळ अधिक. इथपर्यंत चांदी फार मागे नाही.

दुसरे काम म्हणजे जी उष्णता पोटात गेली ती पुन्हा बाहेर, मोकळ्या आकाशाकडे फेकणे. तापलेली प्रत्येक वस्तू न दिसणारे किरण सोडून निवत असते. चुलीजवळ बसल्यावर, हात न लावता, गालाला जी धग लागते ती हीच. या कामात चकचकीत धातू अत्यंत कंजूष असतो. रंग, कागद, चुना, माती, लाकूड, माणसाची कातडी ही सारी शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद इतके किरण सोडतात. ॲल्युमिनियमचा रंग तीस ते पन्नास सोडतो. नवा कोरा जस्ती पत्रा पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी. चांदीने ऊन थोडेफार परतवले खरे, पण जे आत शिरले ते तिने धरून ठेवले. दारावरून भिकाऱ्याला लावून देणारा आणि तिजोरीतलेही न सोडणारा माणूस जसा असतो, तशी ही चांदी. पांढरा रंग ऊन आत येऊ देत नाही आणि जे आले ते लगेच काढून टाकतो. एकाच पत्र्याचा अर्धा भाग चांदीने आणि अर्धा पांढऱ्याने रंगवला, तर दुपारी दोन वाजता खालून हात धरूनच फरक कळतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी घरातले दोन सारखे चकचकीत स्टीलचे पेले घ्यावेत. एकाला बाहेरून पांढरा कागद खळीने घट्ट चिकटवावा, दुसरा तसाच ठेवावा. दोन्हींत सारखेच कढत पाणी भरून, वर बशी झाकून, वारा नसलेल्या ठिकाणी अर्धा तास ठेवावेत. कागदाच्या वेष्टनाने पेला उबदार राहील असे वाटते. प्रत्यक्षात कागद लावलेल्या पेल्यातले पाणी आधी निवते. कागद लावण्याऐवजी काळा रंग दिला तरी निकाल जवळपास तोच. सूर्याच्या उन्हाला काळे-पांढरे कळते, पण पेल्यातून निघणाऱ्या अदृश्य धगीला कळत नाही. तिला फक्त धातू आणि अधातू एवढाच भेद ठाऊक. स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ जॉन लेस्ली याने १८०४ मध्ये हेच दाखवून दिले. त्याने धातूचा एक चौकोनी डबा घेऊन त्याच्या बाजू निरनिराळ्या केल्या. एक घासून लखलखीत, एक काजळीने काळी, एक कागद लावलेली. आत उकळते पाणी भरले. काळ्या आणि कागदी बाजूंकडून धग जवळजवळ सारखीच आली, लखलखीत बाजूकडून फारच थोडी. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो डबा आजही लेस्लीचा घन म्हणून ठेवलेला असतो.

थंड मुलखातील घरांना या प्रयोगाचा रोजच्या संसारात उपयोग पडला. तिकडे भिंतीलगत लोखंडाचे पोकळ, फासळ्यांसारखे उभे पाट बसवलेले असतात. त्यांतून गरम पाणी किंवा वाफ फिरते आणि खोली उबदार राहते. त्याला रेडिएटर म्हणतात. मोताळ्यात हा शब्द ऐकला की ट्रॅक्टरच्या नाकाडामागची जाळी डोळ्यांसमोर येते, किंवा डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरची पाखे. पण लेस्टर किंवा अँटवर्पला नांदायला गेलेल्या लेकीच्या घरी प्रत्येक खोलीत तो असतो, आणि घर रंगवताना तिच्यापुढेही प्रश्न हाच येतो: याला कोणता रंग द्यावा? जुन्या काळी अमेरिकेत या पाटांना हौसेने चंदेरी किंवा सोनेरी, म्हणजे धातूच्या भुकटीचा, रंग देत असत. दिसायला थाट, पण खोली पुरेशी तापेना. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने १९३० च्या दशकात लोकांना सल्ला दिला की धातूचा रंग दिल्यास रेडिएटरची उष्णता देण्याची शक्ती घटते आणि साधा, कोणत्याही छटेचा रंग दिल्यास ती टिकते. ही घट दहाव्या हिश्श्याची किंवा त्याहून अधिक असू शकते, म्हणजे इंधनाच्या बिलात सहज दिसण्याजोगी. त्या सल्ल्यातला सर्वांत कामाचा भाग असा की महत्त्व फक्त शेवटच्या हाताचे. खाली चांदीचे चार थर असोत, वरून पांढऱ्या, दुधी किंवा मातकट रंगाचा एक हात दिला की रेडिएटर पुन्हा उदार होतो. जुने थर खरवडून काढण्याची गरज नाही.

थंडीत ज्या वस्तूकडून उष्णता हवी आहे तिला चांदी देणे चुकीचे, कारण चांदी उष्णता सोडत नाही. उन्हाळ्यात जे छप्पर उष्णता सोडून निवावे असे वाटते त्यालाही वरून चांदी देणे चुकीचे, कारण तेच. हवामान उलटे आहे, पण चूक एकच.

आता पत्र्याची दुसरी बाजू, खालची. बहुतेक घरांत इकडे लक्षच जात नाही, आणि गेले तर सूनबाईंच्या आग्रहावरून खोली उजळ दिसावी म्हणून खालून पांढरा किंवा फिकट निळा ऑइलपेंट मारला जातो. खोली उजळते हे खरे. पण नवा जस्ती पत्रा खालून कंजूष होता, आपली धग खाली पडू देत नव्हता. ऑइलपेंटने त्याला उदार केले, आणि ते औदार्य आता थेट माणसांच्या डोक्यावर पडू लागले. चांदीची खरी जागा येथे, पत्र्याच्या पोटाशी आहे. खालची बाजू कोरी आणि चकचकीत असेल तर तिला हात न लावणेच उत्तम. ती गंजू लागली असेल किंवा आधीच रंगवलेली असेल, तर गंज काढून, प्रायमर देऊन, वरून ॲल्युमिनियमचा रंग द्यावा. तापलेल्या पत्र्याची खाली येणारी धग त्यामुळे निम्म्यावर येऊ शकते. खालच्या बाजूवर धूळ बसत नाही, म्हणून हा गुण वरच्या पांढऱ्यापेक्षा अधिक काळ टिकतो. स्वयंपाकघरात मात्र फोडणीची काजळी आणि तेलकटपणा त्यावर चढतो, आणि काजळी चढली की चांदी राहिली नाही असेच समजावे.

वरून पांढरा, आतून चांदी. पेठेत नेमके उलट चालते, याचे कारण बहुधा एवढेच की वरचे कोणी पाहत नाही आणि चांदीचा डबा पांढऱ्या चांगल्या रंगापेक्षा स्वस्त पडतो. अलीकडे हिरव्या, विटकरी आणि गर्द निळ्या रंगाचे तयार पत्रे घेण्याची आवड वाढली आहे. घर रस्त्यावरून शोभून दिसते. त्या शोभेखाली दुपारी झोपून पाहावे. नवे पत्रे घ्यायचेच असतील तर पांढऱ्यातही मिळतात, भाव फारसा वेगळा नसतो.

हा प्रश्न केवळ आरामाचा असता तर या स्तंभात त्याला एवढी जागा देण्याचे कारण नव्हते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावल्याचे नंतर अभ्यासकांनी मोजले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णताविषयक कृती आराखडा झाला, आणि पुढे गरीब वस्त्यांतील हजारो छपरे पांढऱ्या रंगाने किंवा चुन्याने रंगवण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मे २०२४ मध्ये मोताळ्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ लागू करण्याची वेळ आली. ऊन हा आता केवळ उकाड्याचा विषय राहिलेला नाही, आणि घाटाखालच्या गावांना हे सांगावे लागत नाही.

जैन घरांना यात आणखी एक काळजी आहे. अनेक वडीलधाऱ्यांचा चौविहार असतो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य. वर्षीतप करणाऱ्यांचे पारणे अक्षय्य तृतीयेला येते, म्हणजे तपाचे शेवटचे, शरीर थकलेले आठवडे नेमके चैत्र-वैशाखात. पत्रा स्वतः सूर्यास्तानंतर लवकर निवतो, पण दिवसभर त्याने ज्या भिंती, फरशी, कपाटे आणि गाद्या तापवलेल्या असतात त्या मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. सत्तरी ओलांडलेली आजी तहान न सांगता त्या खोलीत पडून असते. विचारले तर ‘मला काही होत नाही’ एवढेच म्हणते. स्थानकाचा किंवा उपाश्रयाचा वरचा मजला पत्र्याचा असेल तर प्रश्न अधिक गंभीर. साधू-साध्वी पंखा वापरत नाहीत, कूलरचा तर प्रश्नच नाही. विहार करून भर उन्हात आलेल्या साध्वीजींना जी खोली मिळते तिच्यासाठी संघ जे काही करू शकतो ते छपरावरच करू शकतो. एका रविवारी दहा-बारा श्रावकांनी मिळून पांढरा रंग देणे ही त्यांच्या मर्यादेला धक्का न लावणारी वैयावच्च आहे.

दुकानदारीचाही हिशेब आहे. वखारीतला गूळ पाझरतो, तुपाचे डबे वितळून कडेने तेलकट होतात, हिंगाचा वास उडतो, प्लास्टिकचा माल वाकडा होतो. औषधांच्या खोक्यांवर तर पंचवीस किंवा तीस अंशांखाली ठेवावे असे छापलेलेच असते, आणि पत्र्याच्या वखारीत मे महिन्यात ती अट पाळली जाते असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

आता कोणता पांढरा, हे पाहू. येथे घाईने पैसा वाया जातो.

नव्या जस्ती पत्र्यावर पांढरा ऑइलपेंट मारू नये. तेलातली आम्ले आणि पत्र्यावरचे जस्त यांची हळूहळू प्रक्रिया होऊन मध्ये एक साबणासारखा थर तयार होतो. रंग धरलेला दिसतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत त्याचे पापडासारखे पोपडे निघतात. रंगाऱ्याला दोष दिला जातो, कंपनीला दोष दिला जातो, प्रत्यक्षात जात जुळत नव्हती. एक-दोन वर्षे उन्हापावसात राहून ज्याची चकाकी गेली आहे असा पत्रा रंग चांगला धरतो. अगदी नव्याला आधी जस्तासाठी असलेला वॉश प्रायमर लागतो. त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन, किंवा छपरासाठी खास विकला जाणारा पांढरा रंग, दोन हात. खास रंगाच्या डब्यावर एसआरआय नावाचा एक आकडा असतो. ऊन परतवणे आणि धग सोडणे या दोन्ही गुणांचा तो एकत्र गुणांक. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर धरून तो काढतात. विक्रेत्याने ‘थंडावा देणारा’ एवढेच सांगितले आणि हा आकडा दाखवता आला नाही, तर साधा पांढरा इमल्शन घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दुसऱ्या वर्षाची डागडुजी करावी. महाग डब्याच्या नावाला भुलण्यापेक्षा पांढरेपणा आणि पत्र्याशी चिकाटी या दोनच गोष्टी पाहाव्यात.

हिशेब करताना डब्यावर लिहिलेले चौरस फूट सपाट पृष्ठभागाचे असतात हे विसरू नये. पन्हाळी पत्रा उलगडला तर किमान दहावा हिस्सा अधिक भरतो.

चुन्याचे काय, असे पुष्कळजण विचारतात, कारण चुन्याइतके स्वस्त आणि पांढरेशुभ्र काही नाही. स्लॅबच्या गच्चीवर चुना उत्तम. कळीचा चुना भिजवून, गाळून, दोन-तीन पातळ हात. गच्ची निवते आणि खर्च अगदीच थोडा. पावसाळ्यात तो धुपतो, पुढच्या फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. पत्र्यावर मात्र चुना देऊ नये. गुळगुळीत धातूवर तो धरत नाही, पत्रा उन्हात पसरतो आणि रात्री आखडतो तसा चुना सुटून येतो, आणि ओला चुना जस्तालाही खातो. काही रंगारी चुना धरावा म्हणून त्यात सरस घालतात. सरस हाडाकातड्यांपासून काढलेला असतो, हे जैन घरात आधीच विचारून घ्यावे. त्याऐवजी डिंक घालता येतो, आणि ही रीतही जुनीच आहे. तशीच बाब ब्रशची. परंपरागत चांगले ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. नायलॉनचे ब्रश आणि कृत्रिम धाग्याचे रोलर आता कोणत्याही दुकानात मिळतात, आणि पाण्यातल्या रंगाला तेच अधिक योग्यही असतात. लाकडी दारांच्या गाठींवर मारला जाणारा चपड्याचा हात लाखेच्या किड्यांपासून येतो. पत्र्याशी त्याचा संबंध नाही, पण रंगारी घरात आलाच आहे तर तोही विषय निघतो.

गंज खरवडण्यापूर्वी पत्र्याच्या पन्हाळ्या, वळचण आणि मोजपट्टीएवढ्या फटी नीट पाहाव्यात. चिमण्यांची घरटी, कुंभारीण माशीची मातीची घरे, पाली, कोळी यांचे तेथे वास्तव्य असते, आणि पिले असतील तर काही दिवस थांबण्याने छपराचे काही बिघडत नाही. काम दिवसाउजेडीच करावे. पत्रा तापण्याआधी, म्हणजे सकाळी दहाच्या आत, कारण तापल्या पत्र्यावर रंग वरवर सुकतो आणि आतून कच्चा राहतो. ऊन टाळण्यासाठी काही रंगारी रात्री हॅलोजन लावून काम उरकतात. त्या दिव्यावर येणारे शेकडो किडे ओल्या रंगाला चिकटून मरतात आणि रंगही खडबडीत होतो. जयणा आणि कामाची प्रत येथे एकाच बाजूला आहेत.

एक धोका मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण तो दिसत नाही आणि घरातल्या सर्वांत लहानाला बाधतो. जुन्या रंगांत शिसे असे. लोखंडावर मारला जाणारा जुना केशरी-लाल प्रायमर शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे रासायनिक दृष्ट्या शेंदूरच. पिवळ्या, हिरव्या, केशरी ऑइलपेंटांतही शिशाचे क्षार असत. भारत सरकारने २०१६ मध्ये घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असू नये अशी मर्यादा लागू झाली. परंतु त्याआधी दिलेले रंग घराघरांतील खिडक्यांच्या गजांवर, लोखंडी जिन्यांवर आणि जुन्या पत्र्यांवर तसेच आहेत. ते कोरडे घासले की बारीक धूळ उडते. रांगते मूल ती जमिनीवरून हाताला आणि हातावरून तोंडात घेते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि गर्भवतीच्या शरीरातून गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओला करावा, पाण्यातला पॉलिश पेपर वापरावा, निघालेला खरवडा जुन्या साडीवर किंवा ताडपत्रीवर गोळा करून बांधून टाकावा. गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची रीत तर अजिबात नको. घरात लहान मूल किंवा दिवस गेलेली सून असेल तर त्या दोन दिवसांसाठी तिला माहेरी किंवा शेजारी पाठवावे. ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसल्याखेरीज मुलांना आत आणू नये. रंगाऱ्यालाही तोंडाला फडके बांधायला सांगावे. तो दररोज हीच धूळ श्वासात घेतो आणि त्याच्या घरीही मुले असतात.

नवा प्रायमर घेताना रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, मागावा. रंग जवळपास तोच, पण त्यात शिशाचे ऑक्साइड नाही. झिंक फॉस्फेटचा मिळाल्यास अधिक चांगला. पिवळसर झिंक क्रोमेटचा प्रायमर गंज उत्तम रोखतो, परंतु त्यातला क्रोमियम शरीराला घातक असल्याने राहत्या घरात तो टाळावा. डब्यावर ‘शिसेमुक्त’ लिहिलेले आणि ९० चा आकडा छापलेला आहे का, हे दुकानातच पाहावे. सुटा, खोक्यातून काढून दिलेला, नावगाव नसलेला रंग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. विक्रेता आपल्याच समाजातला असेल तर हे सांगायला संकोच वाटतो, पण त्यानेही असा माल ठेवू नये.

लेस्टरच्या लेकीला रेडिएटरबद्दल सांगायचे झाले तर दोन ओळी पुरतात. रेडिएटर पूर्ण थंड असताना, पाण्यात मिसळणारा साधा ॲक्रिलिक रंग, हव्या त्या छटेत. तेलाचा पांढरा रंग रोजच्या तापाने पिवळा पडतो. घर जुने असेल तर घासण्यापूर्वी शिशाची तीच काळजी, कारण तिकडच्याही जुन्या घरांतल्या रंगांत ते असते.

मोताळ्याच्या पत्र्यावर पांढरा रंग दिल्यानंतर वर्षभरात त्यावर काळ्या मातीची धूळ, सरकीचे तंतू आणि रस्त्याची माती बसते, आणि पांढरा राखी होतो. राखी म्हणजे अधिक ऊन पोटात घेणारा. होळीनंतर एकदा पाण्याचा पाइप आणि मऊ झाडू घेऊन छप्पर धुतले की त्याचा बराचसा गुण परत येतो. दोन-तीन वर्षांनी एक नवा हात. धुण्याचे पाणी पन्हाळीतून अंगणातल्या झाडाला काढून द्यावे. छपरावर चढणाऱ्याने खिळ्यांच्या रांगेवरच, म्हणजे खाली वासा आहे तेथेच, पाय ठेवावा. मधल्या पत्र्यावर पाऊल पडले की तो वाकतो, आणि पहिल्याच पावसात त्या वाकलेल्या जागेतून वखारीतल्या बारदानावर थेंब पडू लागतात.